कचेरीचा पर्यावरणीय हिशेब : एक अभ्यास

पर्यावरणरक्षणाचा विषय निघाला की बहुतेक कचेऱ्यांत पहिले पाऊल एकाच दिशेने पडते. 'कागद वाचवा' अशी पाटी भिंतीवर लागते, ५ जून रोजी एखादे रोप लावले जाते आणि कर्तव्य पार पडल्याचे समाधान मानले जाते. हेतू स्तुत्य असला, तरी आपल्या कचेरीमुळे निसर्गावर नेमका किती भार पडतो, याचा हिशेब त्यात कोठेच नसतो. घरखर्च आटोक्यात आणू इच्छिणारा गृहस्थ प्रथम खर्चाची वही उघडतो. तद्वत् कंपनीनेही प्रथम मोजमाप केले पाहिजे. ते कसे करावे व त्यातून काय निष्पन्न होते, हे येथे एका उदाहरणाच्या आधारे पाहू.

वीज येते कोठून?

गोव्यात मोठे वीजनिर्मिती केंद्र नाही. राज्याला लागणारी बरीचशी वीज कोरबा, विंध्याचल व रामगुंडम यांसारख्या दूरच्या केंद्रांतून येते आणि ही केंद्रे कोळशावर चालतात. म्हणजे पणजीतील खोली थंड होते तेव्हा कोळसा जळतो तो छत्तीसगड, मध्य प्रदेश वा तेलंगणात. ती वीज आणणाऱ्या वाहिन्यांनाही जागा लागते. मोले परिसरातील वनांतून नेण्याच्या वीजवाहिनीवरून २०२० साली गोव्यात जो वाद उठला, तो अनेकांना स्मरत असेल. तेव्हा वाचविलेले प्रत्येक युनिट हा केवळ पैशाचा प्रश्न नव्हे. देशातील वीजनिर्मितीची सरासरी धरल्यास एका युनिटामागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो.

चाळीस माणसांची कचेरी

समजा, एका कचेरीत ४० कर्मचारी आहेत. काम दिवसाला ८ तास व महिन्याला २५ दिवस चालते. सहा वातानुकूलन यंत्रे, प्रत्येकी ताशी सरासरी १.२ युनिट धरता, महिन्याला १,४४० युनिटे घेतात. ७५ वॉटचे २० जुने पंखे ३०० युनिटे, चोकसह ५५ वॉट घेणाऱ्या ४० जुन्या नळ्या ४४० युनिटे आणि १०० वॉटचे ४० संगणक ८०० युनिटे. एकूण २,९८० युनिटे, म्हणजे अंदाजे २,१०० किलो कार्बन डायऑक्साइड. यातील जवळजवळ निम्मा वाटा केवळ थंडाव्याचा आहे.

वातानुकूलन यंत्राचे तापमान एक अंशाने वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे सांगणे आहे. १ जानेवारी २०२० पासून खोलीसाठीची तारांकित यंत्रे सुरू होताना २४ अंशांवरच लागावीत, असा नियमही त्यासाठीच झाला. २२ अंशांऐवजी २६ अंश ठेवून जोडीला पंखा लावला, तर गोव्याच्या दमट हवेतही काम सुखाने होते आणि सुमारे ३४० युनिटे वाचतात. जुने पंखे बदलून ३० वॉटचे बी.एल.डी.सी. पंखे बसविल्यास १८०, आणि २० वॉटच्या एल.ई.डी. नळ्या बसविल्यास २८० युनिटे वाचतात. एकूण बचत ८०० युनिटे, अर्थात ५६० किलो कार्बन डायऑक्साइड.

वहीत न दिसणारा खर्च

आता कचेरीच्या दाराबाहेर येऊ. या ४० जणांपैकी ३० जण स्कूटरने व १० जण मोटारीने, प्रत्येकी एकटे, रोज जाऊन-येऊन ३० किलोमीटर प्रवास करतात असे धरू. म्हापसा परिसरातून पणजीस येणाऱ्यांना हे अंतर अनोळखी नाही. महिन्याला प्रत्येकाचे ७५० किलोमीटर होतात. स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर जाते असे मानल्यास तीस स्कूटरींना मिळून ५०० लिटर पेट्रोल लागते. मोटार लिटरला १५ किलोमीटर जाते असे मानल्यास केवळ दहा मोटारींनाही तेवढेच, ५०० लिटर, लागते! एक लिटर पेट्रोल जळल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. म्हणजे येण्याजाण्याचाच भार २,३०० किलो झाला. तो संपूर्ण वीजबिलाहून अधिक आहे. परंतु त्याचे पैसे कर्मचारी भरीत असल्यामुळे कंपनीच्या वहीत त्याची नोंदच होत नाही.

मोटारीने येणारे दहा जण चार मोटारींतून एकत्र आले, तर ३०० लिटर पेट्रोल, म्हणजे ६९० किलो वायू वाचतो. पंखे, दिवे व थंडावा या तिन्हींच्या बचतीहून ही बचत मोठी आहे आणि तिला भांडवल लागत नाही. कदंब बसने येऊ पाहणाऱ्यांसाठी कामाची वेळ पंधरा मिनिटे पुढेमागे करणे, तसेच शेजारच्या दोन-तीन कचेऱ्यांनी मिळून एक मिनीबस भाड्याने घेणे, हे उपायही विचारात घेण्याजोगे आहेत.

या तुलनेत कागदाचे स्थान कोठे? महिन्याला २० रीम लागत असल्यास तो सुमारे ५० किलो कागद होतो आणि त्याच्या निर्मितीतील वायूही साधारण पन्नास ते पाऊणशे किलोच्या घरात राहतो. कागद वाचवावाच, मात्र तेथेच थांबू नये.

कचरा व घर

डबा खाल्ल्यावर उरणारी साले, उष्टे व चहाचा चोथा वेगळ्या बादलीत गेला, तर त्याचे खत होते. प्लॅस्टिकमध्ये मिसळला, तर तो सफाई कामगाराला हाताने निवडावा लागतो. वर्गीकरणाचा पहिला लाभ निसर्गाआधी या माणसाला होतो, हे विसरू नये. आवारात खत करणाऱ्यांनी पावसाळ्यापूर्वीच सुका पालापाचोळा पोत्यांत भरून ठेवावा. दमट दिवसांत तो प्रत्येक थरावर न पसरल्यास खत कुजट होते व दुर्गंधी सुटते.

कर्मचाऱ्यांच्या घरीही तेच पंखे, तेच दिवे असतात. कंपनीने ते एकत्र घाऊक दराने घेऊन त्यांची किंमत पगारातून बिनव्याजी हप्त्यांनी वळती केली, तर अल्प वेतन असणाऱ्यालाही बदल परवडेल.

भार कोणी उचलावा?

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. शिपायाने स्कूटर सोडून बसने यावे आणि वरिष्ठांची मोटार मात्र एकट्यासाठी धावावी, अशी व्यवस्था टिकत नाही. बसची वाट पाहण्यात ज्याचा तास जातो, त्याला तो तास कोणी तरी परत दिला पाहिजे. ज्याच्या हाती निर्णय, त्याने आरंभ करावा आणि ज्याचा भार मोठा, त्याने आधी कमी करावा. एवढे पथ्य पाळले, तर पाटी लावण्याची गरज भासणार नाही. मीटरचा आकडाच बोलू लागेल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आपल्या कचेरीची मागील बारा महिन्यांची वीजबिले जमवा. कोणत्या महिन्यात वापर सर्वाधिक होता व का?

२. प्रत्येक कर्मचाऱ्याचे अंतर व वाहन लिहून प्रवासाला लागणाऱ्या मासिक पेट्रोलचा अंदाज काढा. वीज व प्रवास यांपैकी कोणाचा भार अधिक भरतो?

३. खर्च न करता येत्या महिन्यात करता येतील असे तीन बदल सुचवा आणि त्यांपैकी प्रत्येकाची झळ कोणाला बसेल, तेही नमूद करा.