चटईवरची जागा आणि एक अवघड वाक्य

आजचं वाचन : योहान ६:६०-६९



आजचा उतारा वाचण्याआधी सहावा अध्याय पहिल्या ओवीपासून एकदा वाचून घ्या. लोकलमध्ये असाल तर दोन स्टेशनांत वाचून होतो. सुरुवातीला पाच भाकरी, दोन मासे आणि पाच हजार माणसं आहेत. सगळे पोटभर जेवतात आणि येशूला राजा करायला निघतात. अध्यायाच्या शेवटी यातले बहुतेक लोक गायब आहेत. मधे घडलं काय? चमत्कार कमी पडला नाही. येशू बोलायला लागला, एवढंच घडलं. कफर्णहूमच्या सभास्थानात तो म्हणाला की स्वर्गातून उतरलेली भाकर मीच आहे आणि माझा देह खाल्ल्याशिवाय तुमच्यात जीवन नाही.

६०व्या ओवीत कुरकुर करतात ते परके नाहीत, विरोधक नाहीत. ते शिष्य आहेत. हे बोलणं कठीण आहे असं ते म्हणतात. मूळ ग्रीक शब्द आहे ‘स्क्लेरोस’, म्हणजे कडक, वाळलेलं. दोन दिवसांची भाकरी जशी कडक होते तसं. त्यांना येशूचं म्हणणं कळलं नाही असा याचा अर्थ नाही. कळलं होतं, म्हणून तर घशाखाली उतरत नव्हतं.

हा उतारा आज मला जरा जास्तच जवळचा आहे. कारण सांगते.

मी नगरची. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ अजून वळत नाही.) आमचं घर अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतलं. हे मिशन १८३१ साली नगरला आलं आणि आमच्यासारखी कित्येक घरं त्याच्या शाळा-चर्चच्या आसपास वाढली. १९७०मध्ये उत्तर भारतातल्या अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र आल्या, तेव्हा आम्ही सीएनआयचे झालो. घरात टिळकांची भजनं, रविवारी बायबल-शाळा. कॅथॉलिक लोकांना आजी ‘रोमन’ म्हणायची. ते मरियेपुढे मेणबत्त्या लावतात, हे ती जरा आवाज खाली करून सांगायची.

नोकरीसाठी पुण्यात पाच वर्षं काढली. तिथे बऱ्याच चर्चमध्ये गेले. उपासना छान, गाणी छान, पार्किंगही छान. एके ठिकाणी आठ महिने गेले, पण माझं नाव कुणी विचारलं नाही. दोष देत नाही, शहरात तसंच असतं. हळूहळू रविवारची झोप लांबत गेली.

मग श्रीरामपूर तालुक्यात बदली झाली. राहत होते तिथून चालत जाण्यासारखं एकच चर्च होतं, आणि ते रोमन. एका रविवारी नुसतं बघायला म्हणून गेले. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत सतरंज्या आणि चटया, बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. पेटी आणि ढोलकीवर प्रवेशगीत चाललेलं. मी मागे भिंतीला टेकून उभी राहिले. पुढच्या चटईवरची एक म्हातारी मागे वळली, शेजारणीला कोपराने सरकवलं आणि म्हणाली, “बस की पोरी, जागा हाय.”

मिस्सा संपल्यावर चौकशी सुरू झाली. कुणाची तू? कुठली? मी सांगून टाकलं की मी कॅथॉलिक नाही, नगरच्या मंडळीतली आहे. म्हातारी म्हणाली, “मंग काय झालं?” आणि मला चहाला घेऊन गेली.

हे स्वागत काही तिच्या एकटीचं नव्हतं, त्या मातीतलंच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जेसुइट धर्मगुरू या भागात आले ते गावकुसाबाहेरच्या वस्त्यांमध्ये. ज्यांना कुठेच आत घेतलं जात नव्हतं, त्यांच्यातूनच इथली ख्रिस्तसभा उभी राहिली. आजही हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जाऊन बघा. ८ सप्टेंबरला मरियेचा जन्मदिन, त्याच्या आगेमागे ही यात्रा भरते. १९४९पासून चालू आहे. नवस फेडायला येणाऱ्यांत हिंदू किती, ख्रिस्ती किती, कुणी मोजत नाही. बाप्तिस्म्याचा दाखला विचारत नाही.

तर मी दर रविवारी जायला लागले. ख्रिस्तशरीर घेण्याच्या वेळी मात्र रांगेत गेले तर हात छातीवर दुमडून फक्त आशीर्वाद घ्यायचा, हे फादरनी समजावलं. पहिल्यांदा रडू आलं. जागा चटईवर आहे, ताटावर नाही.

वर्षभराने मी फादरना म्हटलं, मला यायचंय, पूर्णपणे. ते खूश झाले. माझा बाप्तिस्मा पाण्याने आणि पिता-पुत्र-पवित्र आत्म्याच्या नावाने झालेला, त्यामुळे तो पुन्हा होणार नाही, असं ते म्हणाले. पास्काच्या जागरणाला श्रद्धेची कबुली, दृढीकरण आणि मग पहिलं ख्रिस्तशरीर. विधीची पुस्तिका त्यांनी घरी वाचायला दिली.

तिथे ते वाक्य भेटलं. आधीच बाप्तिस्मा झालेला माणूस कॅथॉलिक ख्रिस्तसभेत येतो, तेव्हा प्रेषितांच्या काळापासूनचा विश्वास सगळ्यांबरोबर म्हणतो आणि त्यानंतर एकट्याने आणखी एक वाक्य बोलतो. त्याचा आशय असा की, पवित्र कॅथॉलिक ख्रिस्तसभा जे जे देवाने प्रकट केलेलं म्हणून मानते, शिकवते आणि जाहीर करते, त्या सगळ्यावर माझा विश्वास आहे.

सगळ्यावर. मी पुस्तिका मिटली.

कारण माझी यादी तयार होती. मरियेला सदेह स्वर्गात घेतलं गेलं, हा श्रद्धासिद्धान्त बाराव्या पायस पोपनी १ नोव्हेंबर १९५०ला जाहीर केला. (म्हणजे हरेगावची यात्रा या घोषणेहून एक वर्षाने मोठी आहे! लोकांची भक्ती कागदाच्या पुढे चालते ती अशी.) बायबलमध्ये हे कुठे आहे, हा आजीचा प्रश्न माझ्याही तोंडी आहे. स्त्रियांना धर्मगुरुदीक्षा देण्याचा अधिकार ख्रिस्तसभेला नाही, असं दुसऱ्या जॉन पॉल पोपनी १९९४च्या पत्रात कायमचं म्हणून सांगितलं. आमच्या सीएनआयमध्ये बायका पाळक आहेत. देवाने त्यांना बोलावलंच नव्हतं, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

आता परत उताऱ्याकडे. ६६व्या ओवीत पुष्कळ शिष्य परत फिरतात. येशू त्यांच्यामागे धावत नाही. ‘थांबा, मी प्रतीकात्मक बोललो’ असं म्हणत नाही. शिकवण सोपी करून माणसं टिकवायचा मोह त्याला झाला नाही, हे आपल्याला टोचायला हवं. पण जे थांबले त्यांना तो काय विचारतो हेही बघा. ‘तुम्हाला पटलं का?’ असं विचारत नाही. तुम्हीही निघताय का, एवढंच विचारतो. ग्रीकमध्ये त्या प्रश्नाची ठेवणच अशी आहे की उत्तर ‘नाही’ येईल अशी अपेक्षा त्यात दिसते. प्रश्नातच एक आशा आहे.

आणि पेत्राचं उत्तर! आपण ते चर्चमध्ये इतकं विजयी सुरात वाचतो की त्यातली अगतिकता ऐकूच येत नाही. आता कळलं, असं तो म्हणत नाही. देह खाण्याच्या गोष्टीबद्दल त्याच्या तोंडून एक अक्षर निघत नाही. प्रभू, जाणार कुणाकडे, असं तो विचारतो. जीवनाचे शब्द तुझ्याकडे आहेत, आणि तू कोण आहेस ते आम्हाला कळून चुकलंय. पेत्राचा विश्वास आधी माणसावर बसलाय. वाक्यांचा अर्थ पुढे लागेल, वरच्या माडीतल्या भोजनाच्या रात्री, कदाचित त्याहून उशिरा.

हे वाचून मला वाटलं, सुटले! पेत्रालाही सगळं कळलं नव्हतं, म्हणजे मीही ते वाक्य बोलून टाकायला हरकत नाही. मग खोडकरपणे पुढच्या दोन ओव्या वाचल्या. आजच्या वाचनात त्या नाहीत. त्यात यहूदा आहे. तोही त्या दिवशी गेला नाही, बारांत राहिला. नुसतं राहण्याला काही किंमत नाही. आत एक आणि ओठांवर एक ठेवूनही राहता येतं.

फादरकडे गेले आणि सगळी यादी वाचून दाखवली. ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, “यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत, तू एकाच पिशवीत भरल्यास. काही गोष्टी तुला अजून समजल्या नाहीत. काही समजल्यात पण जड जातायत. आणि काहींवर तुझा विश्वासच नाही. आधी निवड.”

मग त्यांनी न्यूमनचं उदाहरण दिलं. इंग्लंडमधला हा अँग्लिकन धर्मगुरू १८४५मध्ये कॅथॉलिक झाला. अडचण आणि अविश्वास यांत त्याने फरक केला होता. गणित सुटत नाही म्हणून उत्तर चूक आहे असं ठरत नाही, तशा अडचणी कितीही असल्या तरी त्यांची बेरीज अविश्वास होत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा १९६४चा ख्रिस्तैक्याचा हुकूमनामाही त्यांनी काढला. त्यात म्हटलंय की श्रद्धेच्या सत्यांना क्रम आहे, कारण ख्रिस्ती श्रद्धेच्या पायाशी प्रत्येकाचं नातं सारखं नाही. मी लगेच म्हटलं, म्हणजे खालच्या क्रमांकाची सोडली तरी चालतील? ते हसले. “नाही. पाया आधी बघ, एवढंच. छप्पर पाडायची परवानगी नाही ती.”

घरी येऊन पिशवी रिकामी केली. मरियेचा प्रश्न ‘समजलं नाही’मध्ये गेला. आराधना फक्त देवाची, मरियेला मान, हा भेद ख्रिस्तसभा किती जुन्या काळापासून करत आलीय ते मी कधी वाचलंच नव्हतं. पुनरुत्थानावर विश्वास आहे, तर त्याचं फळ त्याच्या आईला आधी मिळालं, हे निदान विचित्र वाटेनासं झालं. स्त्री-दीक्षेचा प्रश्न मात्र कुठल्याच ढिगात नीट बसेना. तो ‘जड’ आहे की ‘विश्वास नाही’, हे मला आजही सांगता येत नाही.

अशा वेळी आपल्या जिल्ह्यातलीच एक बाई आठवते. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला १० फेब्रुवारी १८९५ला. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्यामागे गेल्या नाहीत. पुढे एकत्र राहू लागल्या तरी सोवळं सुटलं नव्हतं, चूल वेगळी होती. नवरा ख्रिस्ती आहे म्हणून त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतः सोडवला आणि मगच त्यांचा बाप्तिस्मा झाला. ‘स्मृतिचित्रे’ घरात असेल तर तो भाग पुन्हा वाचा. टिळक स्वतः शेवटी मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि १९१७मध्ये ‘देवाचा दरबार’ उभारायला निघाले. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही येशूचे शिष्य म्हणून जागा होती. मला वाटतं, उंबरठ्यावर थांबलेल्या माणसाचं दुःख त्यांना घरातच कळलं होतं.

गेल्या पास्काला माझं नाव यादीत होतं. मी ते काढायला सांगितलं. आई म्हणाली, “बरं झालं, परत ये आपल्याकडे.” फादर म्हणाले, “ते वाक्य माझ्यासाठी बोलायचं नाहीये. देवासमोर बोलता येईल तेव्हा बोल.” चटईवरच्या म्हातारीला मी जागरणाला पुन्हा हात दुमडूनच गेलेली दिसले. ती काही बोलली नाही. परत येऊन बसले तेव्हा माझ्या मेणबत्तीची वात विझली होती, ती तिने आपल्या मेणबत्तीने लावून दिली.

आज एवढं करून बघा : तुमचीही पिशवी असेल. ती कागदावर ओता. समजलं नाही, जड जातं, विश्वास नाही, असे तीन रकाने. ‘समजलं नाही’मधली एक गोष्ट या आठवड्यात खरोखर वाचा, व्हॉट्सअ‍ॅपवर नाही, पुस्तकात. ‘विश्वास नाही’मधली एक गोष्ट कुणा जाणत्या माणसाला तोंडाने सांगा.

प्रार्थना : प्रभू येशू, निघून गेलेले कितीतरी ओळखीचे आहेत, त्यांच्यावर तुझी नजर असू दे. मला ओठांवर एक आणि पोटात एक असं ठेवू देऊ नकोस. तुझी भाकर मला अजून मिळालेली नाही. भूक मात्र राहू दे. आमेन.