स्वतःची कादंबरी स्वतः छापताना : नियोजन आणि अंदाजपत्रक



आपल्यापैकी कितीतरी जणांच्या कपाटात एखादी कादंबरी वहीत लिहून पडलेली असते. प्रकाशकाकडून उत्तर येत नाही, मग मनात येतं, आपणच छापूया. विचार चांगला आहे. पण आपण मुलांना नफा-तोटा शिकवतो आणि स्वतःच्या पुस्तकाच्या वेळी मात्र हिशोब विसरतो. मीही विसरले होते. प्रत स्वस्त पडते म्हणून पतसंस्थेचं कर्ज काढून एकदम १,००० प्रती छापल्या. दोन वर्षांत ३४० संपल्या. उरलेले गठ्ठे माळ्यावर, आणि हप्ता मात्र दर महिन्याला पगारातून. तुमचं तसं होऊ नये म्हणून हा लेख.

१. आधी पानं मोजा

खर्च ठरतो तो पानांवर. डेमी आकाराच्या एका पानावर साधारण ३०० शब्द बसतात. कादंबरी ५०,००० शब्दांची असेल तर मजकुराची सुमारे १६७ पानं होतात. शीर्षकपान, श्रेयपान, अर्पणपत्रिका, मनोगत धरून १७६. हा आकडा मुद्दाम घेतला आहे. प्रेसमध्ये पुस्तक १६ पानांच्या फॉर्ममध्ये छापतात आणि १६ × ११ = १७६. तुमचं पुस्तक १७९ पानांचं झालं तर तीन पानांसाठी जादा कागद आणि छपाई लागते. तेव्हा मांडणी करणाऱ्याला आधीच सांगा, ‘फॉर्ममध्ये बसवा.’

२. खर्चाचा तक्ता

खालचे दर उदाहरणादाखल आहेत. गाव, कागद आणि प्रेस यांप्रमाणे ते बदलतात. निदान तीन ठिकाणांहून लेखी कोटेशन घ्या. त्यात कागदाचा जीएसएम, बांधणीचा प्रकार आणि कर धरलाय की नाही, हे लिहून मागा.

१७६ पानं, ५०० प्रती :

- मुद्रितशोधन (१७६ × १५) : २,६४० रु.
- अक्षरजुळणी व मांडणी (१७६ × ३०) : ५,२८० रु.
- मुखपृष्ठ : ५,००० रु.
- कागद, छपाई, बांधणी (५०० × ७५) : ३७,५०० रु.
- वाहतूक व पॅकिंग : १,५०० रु.
- प्रकाशन समारंभ, पत्रकं : ३,००० रु.
- राखीव : ५,०८० रु.
- एकूण : ६०,००० रु.

म्हणजे एक प्रत पडली १२० रुपयांना.

मुद्रितशोधनाचे पैसे वाचवू नका. आपण शिक्षक आहोत, शुद्धलेखन आपलं आपण बघू, असं वाटतं. पण स्वतःची चूक स्वतःच्या डोळ्याला दिसत नाही. मजकूर जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेला असेल तर जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात. त्यामुळे रूपांतर झाल्यावर पुन्हा एकदा पूर्ण वाचन हवंच.

३. किंमत कशी ठरवायची?

पुस्तकविक्रेत्याला सवलत द्यावी लागते. ती ४० टक्के धरू. १२० रुपयांना पडलेल्या प्रतीवर १५० किंमत छापली, तर विक्रेत्याकडून हातात येतील ९० रुपये. प्रत्येक प्रतीमागे ३० रुपये तोटा! म्हणून छापील किंमत खर्चाच्या दुपटीच्या आसपास ठेवा. आपण २५० धरू.

- दुकानातून विक्री : हाती १५० रु. खर्च निघायला ६०,००० ÷ १५० = ४०० प्रती.
- थेट विक्री, २० टक्के सवलतीने : हाती २०० रु. खर्च निघायला ३०० प्रती. (टपालखर्च वाचकाकडून वेगळा घ्यावा.)

५०० पैकी ५० प्रती भेट, अभिप्राय, ग्रंथालयं यांसाठी बाजूला काढा. विकायला राहिल्या ४५०. सगळं दुकानांवर सोडलं तर नफ्याच्या जागी फक्त ५० प्रती उरतात. शिवाय दुकानातले पैसे बरेचदा माल खपल्यावर, काही महिन्यांनी मिळतात. म्हणून छापण्याआधीच एक यादी करा : खरोखर पैसे देऊन घेणारे कोण? ‘वा, छान’ म्हणणारे त्यात धरायचे नाहीत.

४. ‘जास्त छापा, स्वस्त पडेल’

इथेच मी फसले. समजा १,००० प्रती छापल्यावर छपाईचा दर ७५ वरून ६० वर आला. ऐकायला गोड वाटतं. पण छपाईचं बिल ३७,५०० वरून ६०,००० झालं. जादा ५०० प्रती खपल्या नाहीत तर २२,५०० रुपये माळ्यावर बांधून ठेवले, असा त्याचा अर्थ. कागदाला वाळवी लागते, ओल लागते. खात्री नसेल तर ३०० छापा, किंवा मागणीनुसार छपाईचा मार्ग घ्या. त्यात प्रत महाग पडते, पण गठ्ठे पडून राहत नाहीत. फाइल तयार असली की दुसरी आवृत्ती कधीही काढता येते. त्यासाठी मांडणी करणाऱ्याकडून पीडीएफ आणि मूळ फाइल, दोन्ही आठवणीने घ्या.

५. कागदपत्रं

- आयएसबीएन : हा १३ अंकी क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडून विनामूल्य मिळतो. लेखक स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकतो. छापील पुस्तक आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात.
- कॉपीराइट : लिहिलं की हक्क आपोआप तुमचाच. नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाला तर पुरावा म्हणून उपयोगी पडते.
- ग्रंथालयांना प्रती : १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई व दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने प्रत द्यायची असते. स्वतः छापलं म्हणजे प्रकाशक तुम्हीच.
- नोकरी : आपल्या सेवेचे वर्तणूक नियम वाचा आणि कार्यालयाला लेखी कळवून पोच घ्या.
- अनुदान : पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आधी बघा. पुस्तक छापून झाल्यावर नव्हे!

कुणी ‘पैसे द्या, आम्ही छापतो’ म्हणालं तर करार नीट वाचा. हक्क कुणाकडे, प्रती किती, विक्रीचा हिशोब कधी, हे कागदावर नसेल तर सही करू नका.

६. वेळापत्रक

उन्हाळी सुट्टीत शेवटचं वाचन आणि मुद्रितशोधन. जून-जुलैत मांडणी आणि मुखपृष्ठ. ऑगस्टमध्ये छपाई. दिवाळीच्या आधी पुस्तक हातात. प्रकाशनाची तारीख नमुना प्रत तपासल्यानंतरच जाहीर करा. घाईत चुका तशाच छापल्या जातात.

वर्गासाठी उपक्रम

सहावी-सातवीच्या मुलांना वरचा तक्ता फळ्यावर लिहून द्या आणि विचारा : २०० प्रती थेट विकल्या, तर खर्च भरून निघायला दुकानातून आणखी किती विकाव्या लागतील? (उत्तर : १३४.) मी हे गणित वर्गात दिलं, तेव्हा एका मुलीने विचारलं, “बाई, मग तुम्ही आधी का नाही केलं?” उत्तर माझ्याकडे नव्हतं. तुमच्याकडे असावं, एवढंच.

तेव्हा पुस्तक जरूर छापा. फक्त कर्ज काढून नको, आणि तक्ता घरातल्यांना दाखवल्याशिवाय नको. पैसे घरातलेच जाणार असतात.