मे महिन्यातला सह्याद्री की जानेवारीतला हिमालय?

प्रश्न : मी म्हैसूरला राहतो. पहिलाच लांबचा ट्रेक आहे. ऊन परवडेल की बर्फ?

उत्तर : बर्फ. थंडीत कपडे चढवता येतात. उन्हात शरीराची भिस्त घामावर, आणि दमट हवेत तोही वाळत नाही. मेमध्ये गडांवरची बरीच टाकी आटतात, म्हणजे पाच लिटर पाणी, पाच किलो ओझं पाठीवर.

उत्तरकाशीतला केदारकंठा बघा. उंची सुमारे १२,५०० फूट. म्हैसूर जेमतेम २,५००. चामुंडी टेकडीच्या हजारेक पायऱ्या ओझ्यासह चढून दम वाढेल, पण विरळ हवेची सवय उंचीवर गेल्यावरच सावकाश होते. डोकेदुखीसोबत मळमळ सुरू झाली, तर वर जाऊ नका. सुती बनियन मात्र घरीच ठेवा. ओलं झालं की अंग गारठवतं.