पंप गळतो म्हणजे पंप गेला नव्हे

पोरा, जुनी डिझेल गाडी घेतलीस, चांगलं केलंस. सकाळी चालू व्हायला रडते, बॉनेट उघडलं की डिझेलचा भपकारा येतो, पंपाच्या बुडाशी ओल असते, म्हणालास. आणि कुणीतरी तुला पंपच बदलायला सांगितलाय. थोडा दम धर. रोटरी पंप बहुतेक वेळा रबरापायी गळतो. आतलं लोखंड वर्षानुवर्षं टिकतं, ओ-रिंगा टिकत नाहीत.

तुझ्या गाडीला बॉशचा व्हीई जातीचा पंप आहे. त्याचं पोट कायम डिझेलने भरलेलं असतं आणि इंजिन चालू असताना त्यात दाब असतो. रबर कडक झालं की डिझेल बाहेर येतं. गाडी उभी राहिली की त्याच फटीतून हवा आत शिरते, डिझेल टाकीकडे मागे सरकतं आणि सकाळी स्टार्टर नुसता घुरघुरतो. वास आणि सकाळचं रडगाणं, दोन्हीचं मूळ तेच. बाहेरून लांबी नाहीतर सिलिकॉन फासून हे थांबत नाही, आतला दाब ते ढकलून देतो.

1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 डिझेल आलं, त्यात गंधक फार तर 10 पीपीएम. असं डिझेल तयार करताना अ‍ॅरोमॅटिक घटकही कमी होतात. जुनं नायट्राईल रबर त्यांच्यामुळेच फुगून जागा धरून बसलेलं असतं, ते कमी झाले की आकसतं. म्हणून किट घेताना व्हायटॉनच्या ओ-रिंगा माग.

आधी गळती नेमकी कुठली ते शोध. डिझेल वरून ओघळत खाली येतं, त्यामुळे जिथे थेंब लटकतो तिथे गळती असतेच असं नाही. इंजिन पूर्ण गार होऊ दे. गरम पंपावर गार पाणी कधी मारू नकोस, आतले भाग इतके घट्ट बसवलेले असतात की पंप जाम होतो. ब्रश आणि डिझेलने पंप धू, हवा मारून कोरडा कर आणि वर खडूची भुकटी शिंपड. गाडी चालू करून बॅटरी घेऊन वरून खाली बघत ये. भुकटी पहिल्यांदा जिथे काळी पडेल ती जागा. नोझलांवरचे रिटर्नचे बारीक पाईपही बघून घे. कितीतरी वेळा गळतात ते, आणि बोल बसतो पंपाला.

पाईप पंपाला जोडणाऱ्या बँजो बोल्टाखालचे तांब्याचे वायसर जुनेच घालायचे असतील तर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाक, मऊ होतात. नवे मिळाले तर उत्तमच. रिटर्नच्या बोल्टावर ‘आऊट’ कोरलेलं असतं आणि त्याच्या आत बारीक भोक असतं. तो आत येणाऱ्या पाईपच्या बोल्टासारखाच दिसतो. अदलाबदल झाली तर गाडी नीट चालत नाही आणि माणूस दिवसभर हवा काढत बसतो.

अ‍ॅक्सिलरेटरच्या लिव्हरखालून ओल असेल तर शाफ्टची ओ-रिंग गेली. लिव्हर काढण्याआधी शाफ्टवर आणि लिव्हरवर समोरासमोर खूण कर. वरचं झाकण सरळ उपसू नकोस, शाफ्टच्या खालच्या टोकाला गव्हर्नरची स्प्रिंग अडकलेली असते, ती हळूच सोडव. शाफ्ट हाताने डुलत असेल तर बुश झिजलंय, नुसती रिंग महिनाभरही पुरायची नाही. आणि मागच्या बाजूचा, नट घालून बंद केलेला डिझेल वाढवायचा स्क्रू हलवू नकोस. काळा धूर होईल, गळती तशीच राहील.

मागचं डोकं, जिथून नोझलांचे पाईप निघतात, तिथली मोठी ओ-रिंग काही जण गाडीवरच बदलतात. मला ते पटत नाही. आत स्प्रिंगा आणि प्लंजर आहेत, एक शिम घसरला की पंप उघडावाच लागतो. हे काम टेस्ट बेंच असलेल्या पंपवाल्याचं. पंप उतरवण्याआधी फ्लँज आणि ब्रॅकेटवर छिन्नीने एक सलग रेघ मार, टाईमिंगची. तरी बसवताना डायलने तपासून घेच.

पुढच्या शाफ्टचं सील सगळ्यात लबाड. बेल्टची गाडी असेल तर डिझेल बेल्टवर उडून तो सडवतं. गिअरवर चालणारा पंप असेल तर डिझेल सरळ इंजिन ऑईलमध्ये जातं आणि बाहेर काहीच दिसत नाही. डिपस्टिकवर ऑईल वाढलेलं दिसलं, डिझेलचा वास आला, की त्याच दिवशी गाडी उभी कर, नाहीतर बेअरिंगं जातात.

इंजिन चालू असताना नोझलच्या पाईपची गळती बोटाने चाचपू नकोस. तिथे शंभरावर बार दाब असतो, डिझेल कातडीत घुसतं. टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसली तरी तडक दवाखाना, आणि डिझेल आत गेलंय असं डॉक्टरांना स्पष्ट सांग.

सगळं जोडलं की फिल्टरवरच्या हातपंपाने हवा काढ, मग नोझलचे नट अर्धा आटा सैल करून स्टार्टर मार, तोंड लांब ठेव. दहा सेकंदांवर एका दमात मारू नकोस, मध्ये स्टार्टरला गार होऊ दे. प्रत्येक नटातून डिझेल फुटलं की आवळ. गिअरवरच्या पंपाचं पुढचं सील बदललं असेल तर मात्र आधी ऑईल आणि ऑईल फिल्टर बदलूनच गाडी चालू करायची.