उजनीचं पाणी ओसरल्यावर

उजनी धरण ‘मायनसमध्ये’ गेल्याची बातमी आली की सोलापूरकरांच्या पोटात गोळा येतो, आणि पुण्या-मुंबईच्या छायाचित्रकारांच्या गाड्या इंदापूरच्या रस्त्याला लागतात. धरणात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं निम्म्याहून अधिक मृतसाठ्याचं. वापरायचं पाणी संपून पातळी मृतसाठ्यात उतरली की ती उणे टक्क्यांत मोजतात. हे उणे वाढत गेलं की भीमाकाठची बुडालेली गावं वर येऊ लागतात. घरांची जोती दिसतात, विहिरींची तोंडं दिसतात, आणि पळसदेवचं पळसनाथाचं जुनं दगडी देऊळ आधी शिखर, मग मंडप असं हळूहळू उघडं पडतं.

अशाच एका मे महिन्यात मी एका मित्राबरोबर तिथे गेलो होतो. त्या दिवशीचं जरा सविस्तर सांगतो, कारण पुढच्या कोरड्या उन्हाळ्यात तुमच्यापैकी कुणीतरी कॅमेरा घेऊन तिथे उभं असणार आहे.

उजाडता उजाडता पोचलो. समोर राखाडी, भेगाळलेली जमीन. तिच्यावर मेंढरांच्या खुरांचे ठसे पाहून कुणालाही ती शेतासारखी घट्ट वाटावी. देवळाचं पाण्यातलं प्रतिबिंब मिळावं म्हणून मित्र पायवाट सोडून कडेकडे वळला आणि थोड्याच पावलांवर मांडीपर्यंत खचला. एक पाय उपसायला गेला की दुसरा आणखी आत जायचा. त्याला हात द्यायला मी पुढे झालो, तेवढ्यात जाळं आवरत बसलेले एक मच्छीमार काका ओरडले, “जाऊ नका जवळ! दोघंबी अडकाल. मागं रेला म्हणावं त्यांना, खाटेवर टेकल्यागत!” मग होडीतली लांब फळी आणून त्यांनी ती गाळावर आडवी सरकवली. मित्र तिच्यावर छातीने पडला, पाय थोडे थोडे हलवत त्याने भोवतीचा गाळ सैल केला आणि बऱ्याच वेळाने बाहेर आला. बूट आतच राहिले. “वरनं वाळलंय, खाली लोणी हाय,” एवढंच काका म्हणाले.

वर्षानुवर्षं नदीने आणलेला बारीक गाळ धरणाच्या तळाशी बसतो. पाणी हटलं की उन्हाने वरची पापडी वाळते, खालचा थर मात्र ओलाच राहतो. मेंढराचं वजन ती पापडी पेलते, आपलं पेलेलच असं नाही. म्हणून गावकऱ्यांनी मळलेली वाट सोडायची नाही. हातात काठी हवी आणि ती रोवून पाहूनच पाय टाकायचा. पुढचा माणूस आणि मागचा यांच्यात चांगलं अंतर ठेवायचं. खचलात तर कुणी हात धरून ओढण्यापेक्षा आडवं होऊन वजन पसरणं उपयोगी पडतं. पाठीवरची कॅमेऱ्याची बॅग मात्र तत्काळ दूर फेकून द्या. तिथे लेन्सचा विचार करत बसू नका.

पाण्यातून जायचं असेल तर जास्त जपा. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी याच जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. मे महिन्यात दुपारनंतर वळवाचं आभाळ भरतं, वारा अचानक उठतो, आणि एवढ्या पसरट पाण्यावर लाट उसळायला वेळ लागत नाही. म्हणून होडीची फेरी सकाळीच उरका. जीवरक्षक जाकीट अंगात घालायचं, बुडाखाली घेऊन बसायचं नाही. मावळतीच्या सोनेरी उजेडासाठी कुणी नावाड्याला थांबायची गळ घालत असेल तर त्याला अडवा.

परतताना एका गावाबाहेरच्या पडीक बारवेत उतरलो. तिथलं थोडक्यात सांगतो. उन्हाळ्यात तिथल्या थंड फटींत घोणस असू शकते. न दिसणाऱ्या कोनाड्यात हात घालू नका, पायरीवर बसण्याआधी ती नीट पाहून घ्या. कमानीला आग्या मोहोळ लटकलेलं दिसलं तर ड्रोन, फ्लॅश, अत्तर, सिगारेट सगळं बंद, आणि गुपचूप मागे फिरा. बंद भुयारात शिरूच नका, तिथली हवा कोंदलेली असते. साप चावलाच तर चिरा देऊ नका, आवळून बांधू नका. चावलेला भाग न हलवता १०८ ला फोन करा आणि सरळ सरकारी रुग्णालय गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारं प्रतिविष तिथे मागा.

त्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. बारवेच्या तोंडाशी वीरगळ आणि सतीशिळा उघड्यावर, नुसत्या टेकवून ठेवलेल्या आहेत. छायाचित्रासोबत नकाशावरची नेमकी जागा जगजाहीर झाली की दर्दी माणसांआधी मूर्तिचोर आणि गुप्तधनासाठी खणणारे तिथे पोचतात, याची मला खरीखुरी भीती वाटते. गेलेला वीरगळ कुणाच्या तरी बागेत शोभेला उभा राहतो, आणि त्या गावाच्या इतिहासाचा तेवढा पुरावा कायमचा पुसला जातो. फोनमधली स्थान नोंदवण्याची सोय निघण्याआधीच बंद करा. तालुक्याचं नाव दिलं तरी पुरे. अक्षरं उठून दिसावीत म्हणून शिलालेखावर खडू, पीठ किंवा तेल चोळणारे मी पाहिले आहेत. त्याने दगडाचं नुकसान होतं. बाजूने तिरपा उजेड टाकला की घासलेली अक्षरंही वाचता येतात.

आणि पळसदेवसारख्या ठिकाणी गेलात तर देवळाइतकंच माणसांकडेही बघा. ज्यांची घरं धरणात गेली त्यातली वडीलधारी मंडळी अजून आहेत. कुठल्या जोत्यावर कुणाचा वाडा होता, चावडी कुठे होती, हे ती बोट दाखवून सांगतात. त्यांना विचारून फोटो काढा, त्यांनी सांगितलेली नावं फोटोमागे लिहून ठेवा आणि छापील प्रत टपालाने ग्रामपंचायतीला पाठवा.