व्हिडिओ मध्येच थांबवा

पालकहो,

तुमच्या मुलाचं बालभारतीचं पुस्तक आज जरा उघडून बघा. पहिल्या पानावर आणि आत पाठांजवळ काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन छापलेला दिसेल. तो क्यूआर कोड. फोनवर ‘दीक्षा’ ॲप घ्यायचं आणि कॅमेरा त्या चौकोनावर धरायचा, की त्या पाठाचे व्हिडिओ, कृती, सरावाचे प्रश्न समोर येतात. पैसे पडत नाहीत. एकदा उतरवून ठेवलं की रेंज नसली तरी चालतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी आपल्या मुलांच्या पुस्तकांना असे कोड जोडले, पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ते आले. २०२० मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे तुम्ही वाचलं असेल. तो चौकोन मात्र कित्येक घरांत वर्ष संपेपर्यंत कोणी उघडतच नाही.

उघडणाऱ्या घरांतून माझ्याकडे एक तक्रार नेहमी येते. “बाई, पोरगी तो व्हिडिओ पुन्हापुन्हा बघते, समजलं म्हणते, आणि पेपरात काहीच लिहीत नाही.” पोरगी खोटं बोलत नसते. व्हिडिओतला आवाज गोड असतो, चित्रं हलती असतात, सगळं ओळखीचं वाटू लागतं, आणि ओळखीचं वाटलं की मुलाला ते आपल्याला येतंय असं वाटतं. मोठ्यांचंही असंच होतं. २००६ साली अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी हे तपासलं. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवेल तसा कागदावर लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर चित्र उलटलेलं: आठवून लिहिणाऱ्यांना निम्म्याहून अधिक आठवत होतं, पुन्हा वाचणारे मागे पडले होते. शिकणं पक्कं होतं ते समोरचं मिटवून डोक्यातून बाहेर काढताना. म्हणून माझं तुम्हाला एकच सांगणं आहे. व्हिडिओ मध्येच थांबवा.

वर्गात मी हेच करते. नोबेल मिळवलेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ नावाचा उपक्रम सुरू केला. विज्ञान-गणिताचे प्रयोग त्यात पडद्यावर स्वतः जोडून बघता येतात, आणि त्यातले कितीतरी मराठीतही आहेत. विजेच्या पाठाला मी त्यातलं बॅटरी, तारा आणि बल्ब यांचं दालन उघडते. बल्बला एकच तार जोडते आणि हात मागे घेते. लागेल का? प्रत्येकाने आधी वहीत लिहायचं, कारणासकट. अर्ध्या वर्गाला वाटतं लागेल, कारण घरात बटणाकडून बल्बाकडे एकच वायर गेलेली त्यांनी पाहिलेली असते. त्या एका वायरीच्या आत दोन तारा असतात हे त्यांना कोणी दाखवलेलं नसतं. मग जोडतो. लागत नाही. तेव्हा वर्गात जी कुजबुज सुरू होते ना, तिच्यासाठी मी हा पडदा वापरते. पुढे कोणीतरी बॅटरीची दोन्ही टोकं नुसत्या तारेनं जोडून टाकतं आणि पडद्यावर बॅटरीतून ज्वाळा निघतात. खऱ्या विजेशी हा खेळ मी कुणाला करू देणार नाही. इथे करू देते, आणि शॉर्टसर्किट म्हणजे काय ते मुलं विसरत नाहीत. पण आधी अंदाज लिहून घेतला नसता तर तीच ज्वाळा फटाक्यासारखी बघून पोरं हसली असती आणि पाठ संपला असता.

आता घरचं बोलू. कितीतरी आया मला म्हणतात, आम्हाला काय कळतंय त्यातलं, आम्ही सातवी शिकलेल्या. अहो, तुम्हाला उत्तर यायलाच हवं असं कुठे आहे? तुम्ही भाजी निवडत शेजारी बसा. मधेच म्हणा, थांबव जरा, आता पुढे काय होणार सांग. किंवा संपल्यावर फोन उलटा ठेवा आणि म्हणा, मला सांग बरं काय होतं त्यात. तुम्हाला ते खरंच माहीत नसेल तर जास्तच चांगलं, कारण मग मुलाला नीट उलगडून सांगावं लागतं. एक द्वितीयांश मोठा की एक तृतीयांश, असा प्रश्न व्हिडिओत आला आणि तुम्ही उत्तराच्या आधी थांबवलंत, तर पुष्कळ मुलं एक तृतीयांश म्हणतील. तीन हा आकडा दोनपेक्षा मोठा, म्हणून. लगेच चूक म्हणू नका, ‘असं का वाटलं’ एवढंच विचारा. आणि मग दोन भाकऱ्या घ्या, एकीचे दोन सारखे वाटे करा, दुसरीचे तीन. व्हिडिओ त्यानंतर सुरू करा.

काही गोष्टींना मात्र पडदा लावूच नका. बी कसं रुजतं याचे सुंदर व्हिडिओ आहेत, पण तुमच्या स्वयंपाकघरात आठवड्यातून एकदा मटकी भिजत पडते. त्यातले चार दाणे मुलाच्या हातात द्या. मोड कुठून फुटला, तो सरळ गेला की वळला, ते रोज बघून वहीत चित्र काढू द्या. व्हिडिओने तीन दिवस पंधरा सेकंदांत उरकलेले असतात. वाट बघणं हाही त्या पाठाचाच भाग आहे, तो मुलाकडून काढून घेऊ नका. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी तर मी याहून कडक आहे. त्यांना अजून पेन्सिल धरायची असते, गोष्ट ऐकायची असते, तुमच्या मांडीवर बसून बोलायचं असतं. २०२० च्या टाळेबंदीत, शाळा बंद असताना, केंद्राने ‘प्रज्ञाता’ नावाच्या सूचना काढल्या, तेव्हाही बालवाडीसाठी दिवसाला अर्ध्या तासाचीच मर्यादा सांगितली होती, आणि तीही पालकांशी बोलण्यासाठी. पर्याय उरला नव्हता तेव्हाचं हे प्रमाण. आता तर शाळा रोज भरते.

मोठ्या मुलांचं वेगळं. ग्रामीण भारताच्या ‘असर’ २०२४ च्या पाहणीत चौदा ते सोळा वयाच्या ८२ टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असं सांगितलं. त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो काहीतरी अभ्यासासाठी वापरला होता, ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. म्हणजे एकच फोन दोन्ही कामं करतो आणि हिसकावून घेतला तर दोन्ही बुडतात. आता त्यात गणिताचा फोटो काढला की उत्तर पायऱ्यांसकट लिहून देणारी ॲपही आली आहेत. नववी-दहावीच्या पालकांनो, त्यांवर बंदी घालून तुम्ही दमाल. त्यापेक्षा एक रीत घरात लावा: आधी स्वतःच्या हाताने वहीत सोडवायचं, चुकलं तरी चालेल, मग फोनला विचारायचं आणि आपलं कुठे घसरलं तिथे लाल पेनाने खूण करायची. ती लाल खूण मला वहीत दिसली की मी खूश असते. खाडाखोड नसलेली, एकदम बिनचूक वही बघून मला काळजी वाटते.

आणखी एक, हे शाळेच्या कारभाराविषयी. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत, आणि निम्मे सदस्य महिला हव्यात असंही म्हटलं आहे. लोकवर्गणी काढून डिजिटल वर्ग उभे करणारी गावं आपल्या राज्यात पुष्कळ आहेत, त्यांचं मोल मी जाणते. पण वस्तू येतात त्या दिवशी फोटो निघतात, आणि नंतर बिल थकून वीज कापली जाते किंवा बॅटरी जाते आणि प्रोजेक्टर कपाटात पडतो. पेरू देशाने दहा लाखांच्या आसपास लॅपटॉप मुलांना वाटले. शिकवण्याची पद्धत त्याला जोडून बदलली नाही, आणि तिथल्या ग्रामीण शाळांवर २०१२ मध्ये आलेल्या अभ्यासात गणितात आणि भाषेत फरक दिसला नाही. युनेस्कोच्या २०२३ च्या शिक्षण अहवालातही हा दाखला आहे. तेव्हा समितीच्या बैठकीत नवीन टॅब किती येणार हे विचारण्याआधी विजेचं बिल कोण भरतं, बिघडलं तर दुरुस्ती कोण करतं आणि गुरुजींना-बाईंना त्यावर पाठ तयार करायला वेळ कधी मिळतो, हे विचारा. आम्हा शिक्षकांना या प्रश्नांचा राग येणार नाही. उलट ते आमच्याऐवजी तुम्ही विचारलेत तर वजन पडतं.

कुठल्याही ॲपमध्ये मुलाचं नाव, फोटो, जन्मतारीख भरताना हात आखडता घ्या. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घेण्याआधी पालकांची संमती लागेल असं म्हटलं आहे. ती संमती तुमची आहे, घाईने ‘ओके’ दाबून देऊन टाकू नका. शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर मुलाच्या गुणांचे फोटोही टाकू नका. कमी गुण पडलेलं मूल दुसऱ्या दिवशी वर्गात कसं बसतं ते मी बघते.

या आठवड्यात एवढं करून बघा. कुठलाही एक पाठ, एकच व्हिडिओ, एकदाच थांबवायचा. मूल पुढे काय होईल म्हणालं आणि का म्हणालं, ते मुलाच्याच शब्दांत एका चिठ्ठीवर लिहा आणि वहीत घालून पाठवा. लिहिता येत नसेल तर मुलाकडून लिहून घ्या, शुद्धलेखन मी बघणार नाही. चुकीचे अंदाज तर नक्की पाठवा. सोमवारचा पाठ मी त्यांच्यापासूनच सुरू करणार आहे.