घरगुती साबणास पाणी किती घालावे?

घाण्यावरून आणलेले तेल शिल्लक राहिले म्हणजे त्याचा घरीच साबण करावा, असे पुष्कळ शेतकरी बंधूंच्या मनात येते. तेल व कॉस्टिक सोडा ते काट्यावर तोलून घेतात. पाण्याची पाळी आली की मात्र तांब्या उचलतात. आम्हीही प्रथम असेच केले. एक किलो भुईमुगाच्या तेलास सोडा बरोबर तोलला. पण तो दाहक पदार्थ, जरा सौम्य व्हावा, म्हणून पाणी सढळ हाताने ओतले. दुपारभर घोटूनही मिश्रण दाट होईना. आठ दिवसांनी साचा उघडला तो साबण बोटास चिकटे, आणि पुढे वाळताना वड्या आकसून वाकड्या झाल्या.

आमची समजूतच चुकीची होती. पाण्याने सोडा पातळ होतो, कमी होत नाही; त्यास संपविते ते तेल. तेल व सोडा यांच्या संयोगाने साबण व ग्लिसरीन होते. त्यात पाणी खर्ची पडत नाही. सोडा विरघळवून तेलाशी त्याची गाठ घालून देणे एवढेच त्याचे काम.

सबब पाण्याचा हिशेब सोड्यावरून करावा, तेलावरून नव्हे. तेलाच्या वजनाच्या शेकडा ३८ पाणी घालावे, असा एक सोपा नियम प्रचारात आहे. तो लावून पाहू. एक किलो खोबरेलास सुमारे १८३ ग्रॅम सोडा लागतो, तर भुईमुगाच्या तेलास सुमारे १३६. थोडे तेल साबणात राहून कातडी कोरडी पडू नये म्हणून शेकडा ५ वजा करावे. म्हणजे अनुक्रमे १७४ व १२९ ग्रॅम उरतात. आता पाणी दोहोंस ३८० ग्रॅमच घातले, तर खोबरेलात ते सोड्याच्या दुपटीहून थोडे अधिक होते, भुईमुगात जवळजवळ तिप्पट! शेताचा आकार बसविताना नुसते क्षेत्र पाहून भागत नसे, जमिनीची प्रतही पाहावी लागे. तसेच हे आहे.

आमच्या मते सोड्याच्या दुप्पट पाणी हे मध्यम प्रमाण होय. म्हणजे वरील खोबरेलास ३४८ ग्रॅम, भुईमुगाच्या तेलास २५८. नवशिक्याने अडीचपट घेतले तरी चालेल. घोटण्यास अवकाश मिळतो. हात बसल्यावर दीडपटीवर यावे. वडी लवकर घट्ट होते. सोड्याच्या वजनाहून कमी पाणी मात्र कधीही घेऊ नये. सोडा पुरता विरघळत नाही, व वडीत राहिलेला कण अंग भाजतो.

पाणी पावसाचे गाळलेले किंवा शुद्ध केलेले घ्यावे. विहिरीच्या जड पाण्यातील चुन्याने साबणाचा काही भाग फुकट जाऊन साका होतो. सोडा पाण्यात थोडाथोडा टाकावा. सोड्यावर पाणी ओतल्यास ते एकदम उकळून अंगावर उडते. भांडे स्टीलचे असावे, ॲल्युमिनियमचे सोडा खातो. हातमोजे व चष्मा घालून हे काम उघड्यावर करावे, मुलांस जवळ फिरकू देऊ नये. थेंब उडालाच तर तत्काळ भरपूर पाण्याने धूत राहावे.

वड्या चार ते सहा आठवडे हवेशीर फळीवर सुट्या मांडाव्या. आम्ही त्यांतील एकीचे वजन दर आठवड्यास वहीत टिपतो; कारकुनीची सवय, दुसरे काय! वजन उतरावयाचे थांबले म्हणजे ती वडी न्हाणीघरात जाते.